वायगावची हळद : तीन महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीनंतर हिंगणघाटच्या बाजारात एका महिला बचत गटाकडून मी अर्धा किलो वायगावची हळद घेतली आणि तेव्हापासून आमच्या घरी रोजच्या स्वयंपाकात तीच वापरली जात आहे. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात पिकणाऱ्या या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून, कुरकुमिन या हळदीतील पिवळ्या, औषधी मानल्या जाणाऱ्या घटकाचे सहा टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण ही तिची ओळख आहे. साधारण हळदीत ते तीन टक्क्यांच्या जवळपास असते.

हा फरक पहिल्याच फोडणीत जाणवला. ज्या वरणाला पूर्वी चमचाभर पूड लागत असे, त्याला हिची अर्धा चमचा पुरते, आणि हात सैल सुटला तर वरण कडवट होते. घरात लहान मुले असल्यामुळे भेसळीची मला धास्ती होती, कारण पिवळेपणा वाढवण्यासाठी हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत आणि त्यातील शिसे मुलांच्या मेंदूला कायमचा अपाय करते. म्हणून पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकून पेला न हलवता ठेवला. पूड तळाशी बसली आणि पाणी फिकट पिवळेच राहिले. कृत्रिम रंग असता तर ते गडद झाले असते. शिशाची खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

औषधी गुणांविषयी स्पष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण माझ्या आईने ही हळद गुडघेदुखी थांबेल या आशेने सुरू केली होती. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे तेलाच्या फोडणीत हळद घालण्याची आपली रीत योग्यच आहे. मिऱ्यातील पायपरीनसोबत घेतल्यास रक्तातील कुरकुमिनचे प्रमाण सुमारे वीसपट वाढल्याचे १९९८ च्या एका अभ्यासात आढळले, परंतु त्यात प्रत्येकाला दोन ग्रॅम कुरकुमिन दिले होते. तेवढ्यासाठी ही हळददेखील तीस ग्रॅमहून अधिक खावी लागेल. आईचे गुडघे अजून दुखतात आणि डॉक्टरांच्या गोळ्या आम्ही बंद केलेल्या नाहीत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी कुरकुमिनच्या गोळ्या तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

तक्रार एकच आहे. पाकीट पारदर्शक होते आणि त्यावर दळल्याची तारीख नव्हती. उजेडात कुरकुमिन नष्ट होत जाते, म्हणून घरी आणताच मी पूड स्टीलच्या डब्यात काढली. पुढच्या खेपेला हळकुंडे घेऊन गावच्या गिरणीत दळून आणणार आहे.