बर्थिंग बॉल, गरम पाण्याची पिशवी आणि टेन्स मशीन: सातव्या महिन्यापासून आजपर्यंतचा अनुभव

बाळ आता पालथं पडायला लागलंय आणि बॉल (बाळंतपणात बसायला, टेकायला वापरतात तो हवा भरलेला मोठा चेंडू) अजून हॉलमध्येच लोळतोय, म्हणजे लिहायला हरकत नाही.

आधीच सांगून टाकते, मी शेवटी एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीच्या कण्याजवळ देतात ते भुलीचं औषध, घेतलं. त्यामुळे ‘एकही इंजेक्शन न घेता बाळंतपण’ अशी गोष्ट हवी असेल तर ती इथे नाही. पण एपिड्युरल मिळेपर्यंतचे तास या तीन वस्तूंवर आणि दोन माणसांवर निघाले. त्यात जास्त काम माणसांनी केलं.

बॉल घेतला तो सातव्या महिन्यात, कंबर धरायला लागली म्हणून. माझी उंची 5 फूट 3 इंच, मला 65 सेंटीमीटरचा बरोबर बसला. बसल्यावर पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि कंबर गुडघ्यांपेक्षा जराशी वर राहिली पाहिजे, मापाची खूण हीच. ‘अँटी-बर्स्ट’ लिहिलेलाच घ्या. तो टोचला तरी फटकन फुटत नाही, हळूहळू हवा जाते. पहिल्या दिवशी पूर्ण फुगवू नका, रबर ताणू द्या आणि दुसऱ्या दिवशी उरलेली हवा भरा. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर तो सटकतो, म्हणून खाली योगा मॅट आणि समोर धरायला जड खुर्ची हवीच. नव्या प्लास्टिकचा वास बरेच दिवस जात नाही. मला तेव्हा फोडणीचाही वास सहन होत नव्हता, तर बॉल सरळ बाल्कनीत गेला. वार (नाळ जिला जोडलेली असते ती) गर्भाशयात खाली असेल किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, तर विचारल्याशिवाय यातलं काही करू नका.

कळा पहाटे सुरू झाल्या, सगळ्या पाठीत. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या की निघा. तोवर घरीच होते. बॉलवर बसून कंबर गोल फिरवायची, कळ आली की गुडघे टेकून बॉलला मिठी मारायची. या दुसऱ्या प्रकारात पाठीवरचा भार खरंच उतरतो. उभं राहण्याला, हिंडण्या-फिरण्याला आधारही आहे: 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासते) उभ्या किंवा चालत्या बायकांचा कळांचा पहिला टप्पा आडव्या पडून राहणाऱ्यांपेक्षा सरासरी सव्वा तासाहून जास्त लवकर संपल्याचं दिसलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त आराम पडला तो आईच्या हातांनी. ती मागे बसायची आणि माकडहाडाच्या वर, कमरेच्या सपाट भागावर तळहाताचा खालचा जाड भाग रोवून दाबायची. चोळायचं नाही, फक्त दाबायचं, आणि तेही चांगलं अंगाचा भार टाकून. कळ चढायला लागली की लगेच सुरू करायचं. शिखरावर पोहोचल्यावर हात लावला तर उलट राग येतो. आई दमली की नवरा दोन्ही बाजूंनी कंबरेची हाडं आत दाबून धरायचा. हे त्याने आधी घरी करून पाहिलं होतं ते बरं झालं, नाहीतर पहिल्यांदा त्याने गुदगुल्याच केल्या होत्या. दाबाने दुखणं कमी का वाटतं, त्याचं एक स्पष्टीकरण मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं: स्पर्श आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूतच दुखण्याच्या संदेशांची वाट अडवतात. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की आईने हात काढू नये.

गरम पाण्याची पिशवी जुनीच, रबराची, टॉवेलात गुंडाळून. दहापैकी नऊ. फक्त एपिड्युरलनंतर ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

टेन्स मशीन, म्हणजे कातडीवरून विजेच्या हलक्या लहरी सोडणारं छोटं यंत्र, भाड्याने आणलं होतं. पाठीवर चार पॅड लावायचे, झिणझिण्या येतात, कळ आली की बटण दाबून जोर वाढवायचा. सुरुवातीला बरं वाटलं, मुख्यतः हाताला काहीतरी काम मिळालं म्हणून. कळा जोरात आल्यावर मीच वायर उपटून टाकल्या. संशोधनातही त्याच्या बाजूने ठाम काही नाही. पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवा.

मग हॉस्पिटलला जायला ठाण्याचा घोडबंदर रोड. मेट्रोच्या कामातून वाट काढत, खड्ड्यागणिक कळ. यावर कुठलीच वस्तू चालत नाही, फक्त लांब श्वास सोडत राहायचं.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. बॉल आणायला डॉक्टरांची परवानगी होती, पण लेबर रूममधल्या सिस्टरना ते माहीतच नव्हतं. पोटाला सीटीजीचे (बाळाचे ठोके आणि कळा नोंदवणाऱ्या यंत्राचे) पट्टे बांधून ‘आडव्या व्हा’ म्हणाल्या, आणि पाठीतली कळ आडवं पडल्यावर दुप्पट होते. गर्भाशयाचं तोंड 3 सेंटीमीटरच उघडलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनांत कळांचा जोराचा टप्पा 5 सेंटीमीटरपासून धरलाय, आणि सगळं सुरळीत असलेल्या बाईला सलग सीटीजी लावून ठेवू नये असंही म्हटलंय. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला, मग पट्टे सुटले आणि बॉल आत आला. म्हणून आठव्या महिन्यातच विचारून ठेवा: बॉल चालेल का, मला हिंडू द्याल का, आत कोण थांबू शकतं? आमच्याकडे एकच माणूस आत, आणि मी आईला निवडलं. सासूबाईंनाही तेच पटलं. सरकारी रुग्णालयांतसुद्धा 2016 पासून बाळंतिणीसोबत एक बाई थांबू शकते, जिचं स्वतःचं बाळंतपण झालंय अशी. आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालतो.

एपिड्युरलनंतर पाय जड झाले, बॉल कोपऱ्यात. तेव्हा गुडघ्यांमध्ये ठेवायचा शेंगेच्या आकाराचा बॉल असतो, तो तिथे नव्हता, दोन उशांवर भागवलं.

बाळंतपणानंतर टाके भरेपर्यंत बॉलवर बसवत नाही. पण त्यानंतर त्याचा खरा उपयोग सुरू झाला: रात्री दोन वाजता बाळाला खांद्यावर घेऊन त्यावर हलकं वरखाली होत राहिलं की ते झोपतं, पाळण्यात झोपत नाही. जावेच्या मुलाने त्यावर उड्या मारूनही तो टिकलाय, महिन्यातून एकदा हवा भरावी लागते इतकंच. सोबत आलेला पायपंप मात्र पहिल्याच आठवड्यात गेला. सायकलवाल्याकडे भरून मिळत नाही, तोंड वेगळं असतं, त्यामुळे पंप चांगला आणि वेगळा घ्या.