भिंगावरची बुरशी गेली, देठ दिसला

बुधवार पेठेत जिन्याखाली एक दुकान आहे. तिथे आमच्या क्लासचा फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप (रंग न लावता पारदर्शक पेशी दाखवणारा) सर्व्हिसिंगला दिला होता. पावसाळ्यात १०० पटीच्या भिंगाला बुरशी धरलेली. काका म्हणाले, "शुक्रवारी या." हातात आला पुढच्या बुधवारी. मधल्या काळात फोन उचलायचा नाही, हा बहुधा पेठेचा नियम!

पण काम चोख. घरी येऊन लगेच कॉलोबॅक्टर क्रेसेंटस या जिवाणूची स्लाइड लावली. विभागणीच्या बेतातली एक पेशी सापडली: एका टोकाला बारीक देठ, दुसरं टोक वळवळतंय, आणि कंबर बरोबर मध्यावर नाही, किंचित वळवळत्या टोकाकडे. मिपझेड हे प्रथिन दोन्ही टोकांना दाटतं आणि एफटीएसझेड या प्रथिनाची, पेशी दुभागणारी कडी जुळू देत नाही. जिथे ते सर्वांत विरळ, तिथेच कडी बसते. देठाकडे डिव्हजे, वळवळत्या शेपटीकडे प्लेसी, ही दोन विकरं (एन्झाइमं). पहिलं डिव्हके या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, दुसरं काढतं. फॉस्फेटवालं डिव्हके सीटीआरए या अडवणाऱ्या प्रथिनाला आवरतं, म्हणून एकाच आईच्या दोन लेकींपैकी देठवाली लगेच डीएनएची प्रत काढू लागते, पोहणारीला मात्र सीटीआरए अडवून धरतं. ही प्रथिनं फेजमध्ये दिसत नाहीत, त्यांना फ्लुओरेसन्स (चमकणारी खूण लावून बघणं) लागतो. त्यांची करामत दिसली, माझे १,८०० रुपये वसूल.

स्टेजचा डावा स्क्रू अजून जड फिरतो. पावती मागून घ्या, आणि गाडी लांब लावून चालत जा.