मीटर अडवायचा की नकाशा तपासायचा? इमारत ऊर्जा संहिता आणि वीज कंपनी

तळमजला अधिक चार मजले, पस्तीस गाळे. प्रत्येक गाळेवाला आपापल्या नावावर आठ किलोवॅटचा मीटर मागतो. बेरीज होते 280 किलोवॅट; लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे वेगळेच. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी (मोठ्या व्यापारी इमारतींनी वीज कमी खावी यासाठीचे बांधकामाचे नियम), लागू होते ती 100 किलोवॅट जोडभार (सगळ्या उपकरणांची बेरीज) किंवा 120 केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात ठरलेली कमाल मागणी) यापासून. इमारत म्हणून पाहिली तर ही सरळसरळ संहितेत बसते. वीज कंपनीच्या खिडकीवर मात्र पस्तीस अर्ज येतात आणि त्यातला एकही 100 च्या आसपास नसतो.

संहिता राबवताना वीज कंपनीला कुठलं काम द्यायचं, हे ज्यांना ठरवायचंय त्यांनी (नगररचना विभाग असो की राज्याची ऊर्जा विकास संस्था महाऊर्जा) ही इमारत डोळ्यांसमोर ठेवून पुढचे पर्याय वाचावेत.

पहिला पर्याय सगळ्यांना आवडतो: संहितेचं प्रमाणपत्र नाही, तर मीटर नाही. बिल्डर नोटिशीला घाबरत नाही, पण वीज मिळाली नाही तर ताबा देता येत नाही, म्हणून हे जालीम वाटतं. अडचण वेळेची आहे. कायमच्या जोडणीचा अर्ज येतो तेव्हा काम बहुतेक उरकलेलं असतं. संहितेच्या साध्या मार्गाने, म्हणजे ठरलेल्या मर्यादा जशाच्या तशा पाळून, जायचं तर बाहेरच्या भिंतीत काच 40 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. पण काच बसून गेली, तिच्यावरचा निळा प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा सोलून झाला, आता मीटरपायी ती कोण उतरवणार? मग कुठूनतरी कागद आणला जातो आणि सगळे सुटतात. त्यात शाखा अभियंत्याला केबल, सीटी (प्रवाह मोजायचं साधन), ट्रान्सफॉर्मर तोंडपाठ असतो. काचेतून किती उष्णता आत येते हे तपासायचं त्याला कुणी शिकवलेलं नाही. शिवाय कायदा उलट्या दिशेने ओढतो. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 43 मागेल त्याला वीज द्यायला सांगतं, आणि वीज ग्राहक हक्क नियमांच्या 2024 च्या दुरुस्तीनंतर महानगरात नव्या जोडणीची मुदत 3 दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात 7, ग्रामीण भागात 15 दिवस आहे. तीन दिवसांत कसली तपासणी होणार?

आणि पैशांचं काय? व्यापारी ग्राहक चढ्या दराने बिल भरतो, त्यावर शेतीपंप आणि छोट्या घरांची सवलत बरीचशी पेलली जाते. त्याचंच युनिट कमी करा असं वितरण कंपनीला सांगणं म्हणजे तिच्या हाताने तिच्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

कॅलिफोर्नियाने ही गाठ वेगळ्या तऱ्हेने सोडवली. तिथे टायटल 24 ची, म्हणजे तिथल्या इमारत ऊर्जा नियमांची, अंमलबजावणी शहर किंवा काउंटीचं बांधकाम खातं करतं. पीजी अँड ई, सदर्न कॅलिफोर्निया एडिसन यांसारख्या वीज कंपन्या कुणाचीही जोडणी अडवत नाहीत. त्या तपासनिसांना आणि वास्तुविशारदांना शिकवतात, ‘एनर्जी कोड एस’सारखी मोफत साधनं चालवतात, नव्या नियमांसाठी अभ्यास पुरवतात. मोठं मन वगैरे काही नाही. तिथल्या नियामक आयोगाने 1982 पासून, मधली काही वर्षं सोडता, कंपन्यांचं वीज उत्पन्न विक्रीपासून तोडलंय, त्यामुळे युनिट कमी विकले तरी गल्ला बुडत नाही. हिशेबाची ही बाजू सोडून आपण नुसतं प्रशिक्षण उचललं, तर हॉटेलातलं एक चर्चासत्र, मागे बॅनर आणि दुपारचं जेवण एवढंच पदरात पडेल.

तिसरी वाट शेजारच्या तेलंगणाची. तिथे संहितेची तपासणी बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन प्रक्रियेतच घातली आहे आणि ती पॅनेलवरचे बाहेरचे तपासनीस करतात. काच कागदावर असतानाच बोलणं होतं, ही यातली सगळ्यात मोठी जमेची बाजू. फी बिल्डरच भरणार असेल तर तपासनीस किती कडक राहील, ही शंका रास्तच आहे. चारदोन इमारतींची अचानक फेरतपासणी महापालिकेला करावीच लागेल.

माझं मत या तिसऱ्या वाटेला, कारण मीटरची कडी तिला आयतीच मिळते. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला दाखवल्यावरच इमारतीला वीज-पाणी जोडणी द्यावी. संहिता त्या दाखल्यात बसवली की वीज कंपनीला काच मोजत बसायचं कारण नाही. तिने फक्त दाखला मागायचा.

मग तिच्याकडे खरं काम उरतं ते बिलांचं. इमारत चालू झाल्यावर ती दर चौरस मीटरला किती वीज खाते, हे दुसऱ्या कुणालाच कळत नाही. न्यूयॉर्कमध्ये 2009 च्या लोकल लॉ 84 खाली मोठ्या इमारतींना वर्षाचा वापर जाहीर करावा लागतो, आणि अनेक भाडेकरूंच्या इमारतीचा एकत्रित आकडा तिथली वीज कंपनी कॉन एडिसन पुरवते. आपल्या पस्तीस गाळ्यांची बेरीजही अशीच जमेल, फक्त नव्या जोडणीच्या अर्जात बांधकाम परवानगी क्रमांकाचा एक रकाना हवा. त्या क्रमांकावरचा मंजूर भार 100 किलोवॅट ओलांडला की महापालिकेला आपोआप संदेश जावा. गोव्यात वीज सरकारी खात्याकडेच आहे, तिथे हे लवकर जमावं. मुंबईत एकाच शहरात बेस्ट, अदानी, टाटा आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण. तिथे आधी चौघांच्या अर्जात तो रकाना एकसारखा करून घ्यावा लागेल.