टर्बो इंजिनाचे पिस्टन आणि रॉड बदलावेत की मूळचेच राखावेत? गोव्यातील मोटारमालकांसाठी तुलनात्मक आढावा

टर्बोचार्ज्ड पेट्रोल मोटारीचा रीमॅप (इंजिनाच्या संगणकातील इंधन, स्पार्क व दाबाची नवी मांडणी) झाला, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा भाग) मोठा बसला, एक्झॉस्ट मोकळा झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता आतले भागही फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या, अधिक मजबूत धातूचे) करून घ्यावेत का? याचे उत्तर बहुधा सुट्या भागांच्या किमतीकडे पाहून दिले जाते, आणि तेथेच निर्णय चुकण्याची शक्यता असते. येथे तीन मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत: मूळचे भाग राखून बेताचा रीमॅप करणे, फक्त कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) बदलणे, आणि पिस्टन, रॉड, बेअरिंग व हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) स्टड यांसह इंजिन नव्याने बांधणे. माझे मत आधीच सांगतो. गोव्याच्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या, धडधाकट इंजिनाच्या मोटारीला पहिला मार्ग पुरतो. तिसरा मार्ग इंजिन दुसऱ्या कारणाने खोललेलेच असेल किंवा मोटार ट्रॅकवर न्यायची असेल, तरच विचारात घ्यावा.

फोर्ज्ड पिस्टन किंवा रॉड बसवल्याने इंजिनाची शक्ती एका अश्वशक्तीनेही वाढत नाही, हे प्रथम स्पष्ट असायला हवे. शक्ती वाढते ती टर्बोने जास्त हवा कोंबल्यामुळे आणि ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) त्या हवेला साजेसे इंधन व स्पार्कची वेळ दिल्यामुळे. आतले भाग फक्त ती शक्ती किती काळ सोसली जाईल हे ठरवतात. म्हणून कोणत्या कंपनीचे पिस्टन घ्यावेत याआधी किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) हवा आणि तो किती आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांना) हवा, हे ठरले पाहिजे. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया यांतील 1.0 लिटरचे तीन सिलिंडरचे टीएसआय इंजिन कारखान्यातून 115 पीएस आणि 178 न्यूटन मीटर घेऊन येते. या टॉर्कला सिलिंडरमधला सरासरी परिणामी दाब (टॉर्क आणि इंजिनाचा आकार यांवरून काढलेला) सुमारे 22 बार पडतो. रीमॅपने टॉर्क 230 न्यूटन मीटरवर नेला, तर तोच दाब 29 बारांच्या घरात जातो. त्याच मोटारींतल्या 1.5 लिटरच्या इंजिनाकडून एवढ्या दाबाने काम घ्यायचे, तर त्याला जवळजवळ 345 न्यूटन मीटर द्यावे लागतील. कारखाना त्याच्याकडून 250 वरच थांबतो. लहान इंजिनावर आपण किती ओझे लादतो आहोत, हे पीएसच्या आकड्यापेक्षा या हिशेबातून अधिक नीट कळते.

रॉडवर येणारा भार दोन प्रकारचा असतो. ज्वलनाच्या दाबाने रॉड दाबला जातो आणि वाकू पाहतो. हा भार टॉर्कबरोबर वाढतो. याउलट, पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून उलटा फिरताना रॉड आणि त्याचे बोल्ट ओढले जातात. हा भार आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 6000 ऐवजी 7000 आरपीएम गाठले की तो 36 टक्क्यांनी चढतो. कारखान्यातल्या छोट्या टर्बोचा दम वरच्या आरपीएमला आधीच संपत असल्यामुळे आपल्याकडच्या मोटारींत खरा धोका पहिल्या प्रकारचा असतो: दोन हजारांच्या आसपास एकदम येणारा टॉर्क. जो ट्यूनर (रीमॅप करणारा) खालचा टॉर्क हात राखून देतो आणि वाढ मधल्या व वरच्या टप्प्यात घेतो, तो मूळचेच रॉड पुष्कळ वर्षे टिकवू शकतो. छापील आलेखावर त्याचा आकडा थोडा कमी दिसतो, म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, ही गोष्ट वेगळी.

पिस्टनचे गणित रॉडपेक्षा नाजूक आहे, आणि निर्णयाची खरी गोम तेथे आहे. टर्बो इंजिनातून निघालेला मोडका पिस्टन हातात घेऊन पाहावा. पुष्कळदा त्याचा माथा शाबूत असतो, बाजूचा घेरही स्वच्छ असतो. फक्त पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधल्या कड्याचा नखाएवढा तुकडा उडालेला असतो आणि तुटलेली कड दाणेदार, राखाडी दिसते. ही खूण बहुतेक वेळा नॉकिंगची असते, म्हणजे स्पार्कनंतर उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच स्वतःहून पेटण्याची. रिंगच्या दोन टोकांमधली फट फार कमी ठेवली असेल, तरीही तापून टोके एकमेकांना भिडतात आणि हेच कडे उखडतात. फोर्ज्ड पिस्टन असा मार जास्त वेळ सोसतो यात शंका नाही, पण नॉकिंग चालूच राहिले तर नंतर पाळी बेअरिंगची किंवा हेड गॅस्केटची येते. मॅप आणि इंधन यांत दोष असताना पिस्टन बदलणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

गोव्यात हा दोष उद्भवायला कारणेही भरपूर आहेत. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात पर्वरीच्या कोंडीत अडकलेल्या मोटारीचा इंटरकूलर वाऱ्याअभावी तापून बसतो, आणि मोकळा रस्ता मिळताच चालकाने पाय दाबला की गरम हवाच सिलिंडरमध्ये जाते. अनमोड किंवा चोर्ला घाटात चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर मोटार रेटणे, हे थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनाला त्याहूनही वाईट, कारण कमी वेगावर स्पार्कच्या आधीच होणारे ज्वलन याच स्थितीत घडते आणि एका झटक्यातही पिस्टन मोडू शकते. एपीआय एसपी दर्जाचे तेल हा धोका कमी करण्यासाठीची कसोटी उत्तीर्ण झालेले असते आणि एक गिअर खाली उतरवायला काहीच पैसे पडत नाहीत. इंधनाचे तसेच आहे. 100 ऑक्टेनचे (नॉकिंगला अधिक रोखणारे) पेट्रोल निवडक पंपांवरच मिळते, त्यामुळे त्यावर बेतलेला मॅप घेऊन फिरणाऱ्याने काणकोणला जाताना टाकीत काय भरले जाणार आहे, याचा विचार आधी करावा. रोजच्या मोटारीचा मॅप 95 ऑक्टेनवर, आणि त्यातही थोडी मोकळीक ठेवून बसवलेला बरा.

आता पूर्ण बांधणीबरोबर रोज जगणे कसे असते ते पाहू. फोर्ज्ड पिस्टन मुख्यतः दोन मिश्रधातूंचे मिळतात. 4032 मध्ये सुमारे 12 टक्के सिलिकॉन असते, त्यामुळे तो कमी फुगतो आणि सिलिंडरमध्ये तुलनेने घट्ट बसवता येतो. 2618 मध्ये सिलिकॉन नगण्य असते. तो अधिक चिवट, पण तापल्यावर अधिक फुगणारा, म्हणून त्याला थंड अवस्थेत जास्त फट द्यावी लागते. परिणामी सकाळी मोटार सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटल्याचा टकटक आवाज येतो आणि तेलही थोडे जास्त खर्च होते. पणजीत कार्यालयापर्यंत पाच-सात किलोमीटर जाऊन मोटार उभी करणाऱ्याचे इंजिन नेमके याच थंड अवस्थेत सर्वाधिक चालते. अशा वापराला 2618 चे पिस्टन घालणे मला पटत नाही. मूळचे ओतीव पिस्टन या बाबतीत सरस ठरतात: ते शांत असतात आणि दीर्घकाळ झिजत नाहीत.

फक्त रॉड बदलण्याचा मधला मार्ग कागदावर आकर्षक दिसतो. ज्या इंजिनांत पिस्टनच्या आधी रॉड वाकतात, असे त्याच इंजिनावर काम केलेल्या एकाहून अधिक ट्यूनरांचे सांगणे आहे, तेथे तो योग्यही आहे. पण रॉड काढायचे म्हणजे हेड आणि संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवावे लागतात, गॅस्केट नवे लागते, आणि हेडचे ताणले जाणारे बोल्ट एकदा सैल केले की पुन्हा वापरायचे नसतात. मजुरीचा मोठा भाग तसाही भरावा लागत असेल, तर जुने पिस्टन आणि जुन्या रिंगा पुन्हा आत घालणे फारसे शहाणपणाचे नाही.

काम कोण करणार, हा मुद्दा भागांच्या ब्रँडहून मोठा आहे. गोव्यात खाणींचे ट्रक, बार्जी आणि ट्रॉलर यांच्या इंजिनांवर हात बसलेले मेस्त्री आहेत आणि क्रँक ग्राइंडिंगमध्ये त्यांचे कसब वादातीत आहे. परंतु छोट्या अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकची गोष्ट निराळी. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरचा गोलपणा किंचित बिघडतो, म्हणून होनिंग (सिलिंडरची भिंत घासून नेमकी करणे) करताना ब्लॉकवर हेडऐवजी जाड प्लेट त्याच ताणाने आवळतात. आपल्या इंजिनाची ही टॉर्क प्लेट आहे का, हा एकच प्रश्न विचारला तरी वर्कशॉपची ओळख पटते. उत्तर नकारार्थी असेल, तर ब्लॉक कोल्हापूर, पुणे किंवा बंगळुरूला पाठवण्याचा खर्च आणि मोटार उभी राहण्याचा काळ हिशेबात धरावा.

गिअरबॉक्सचे काय, हेही पाहावे लागते. 1.5 टीएसआयला जोडलेल्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजीची (दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची) मर्यादाच 250 न्यूटन मीटर आहे, म्हणजे कारखान्याच्या टॉर्कला ती भरलेली आहे. अशा मोटारीत फोर्ज्ड इंजिन बांधून वाढीव टॉर्क द्यायचा, तर क्लच हा पुढचा कमकुवत दुवा ठरणार. मॅन्युअल मोटारीला निदान भक्कम क्लच प्लेट टाकता येते.

कायदा आणि विमा यांत तिन्ही मार्ग सारखेच अडचणीचे आहेत, फरक असलाच तर तो अंशाचा. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 आरसीवरील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. वॉरंटीवर तर पाणी सोडावेच लागते. पावसाळ्याबद्दलही एक सांगायला हवे: खाली बसवलेल्या इनटेकमधून (हवा आत घेण्याच्या मार्गातून) तुंबलेल्या रस्त्यावरचे पाणी सिलिंडरमध्ये गेले, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे महागडा फोर्ज्ड रॉडही वाकू शकतो.

निर्णयापूर्वी प्रत्येक सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी (दाब आणि गळती यांची तपासणी) करून घ्यावी. आकडे जुळत असतील, तर इंजिन न खोलता इंटरकूलर, चांगले तेल, नवे प्लग आणि बेताचा मॅप यांवर पैसा लावावा. एखादा सिलिंडर गळत असेल आणि हेड उतरवणे भागच असेल, तर मात्र गणित उलटते, कारण मजुरी तशीही जाणार असते. तेव्हा 4032 चे पिस्टन, चांगल्या बोल्टचे रॉड आणि नवी बेअरिंग घालणे रास्त ठरते, आणि इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बनही त्याच खेपेला साफ करून घेता येतो. इंजिन पुन्हा जोडून बंद करण्याआधी प्रत्येक सिलिंडरची पिस्टनफट, रिंगची फट आणि बेअरिंगची फट यांचे आकडे मेस्त्रीकडून बिलासोबत लेखी घ्यावेत. पुढचे काम दुसऱ्या गॅरेजात गेले, तर तेथे पहिली विचारणा याच आकड्यांची होते.