एक पालक–एक भाषा की घरात एकच भाषा?

मुलाला दोन भाषा यायला हव्यात हे ठरलं, की लगेच प्रश्न येतो : घरात कोणी कुठली बोलायची? बरेच पालक इथे दोन्ही भाषांना सारखं माप लावतात आणि तिथेच गणित चुकतं. दोहोंपैकी एक भाषा शाळा, मैदान, शेजार आणि टीव्ही यांच्या जोरावर येणारच असते. दुसरीला घराबाहेर वाली नसतो. पद्धत निवडायची ती या दुसरीसाठी. तिला इथे घरभाषा म्हणू.

एक पालक, एक भाषा

ही सर्वांत नावाजलेली वाट. भाषाशास्त्रज्ञ मोरिस ग्रामों यांच्या सल्ल्यावरून ज्यूल रोंजा यांनी १९०८ साली जन्मलेल्या आपल्या मुलासाठी ती धरली (वडील फ्रेंच बोलणार, आई जर्मन) आणि १९१३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. दोघांच्या मातृभाषा वेगळ्या असतील तर ही वाट सहज जमते, कारण प्रत्येकजण आपल्या भाषेत लाड करतो, रागावतो, गाणी म्हणतो. मूलही दोन वर्षांच्या आसपास माणूस बघून भाषा बदलायला लागतं.

अडचण तासांची आहे. दोन-तीन वर्षांचं मूल दिवसाला साधारण १२ तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला ८४ तास. मुलाने भाषा नुसती समजून न घेता बोलावी यासाठी तिचा वाटा निदान पाव असावा, असा व्यवहारातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे २१ तास. घरभाषा बोलणारा पालक नोकरी करत असेल तर कामाच्या पाच दिवशी अडीच तासांप्रमाणे साडेबारा आणि सुट्टीच्या दोन दिवशी पाच-पाच तास धरून एकूण साडेबावीस. कागदावर भागलं. पण तिघं जेवायला बसले की दोन्ही पालकांची सामाईक भाषा सुरू होते आणि ती बहुधा बाहेरचीच असते. त्यात रोजचा अर्धा तास गेला तरी हाती एकोणीसच उरतात.

यावर एकच चांगला उपाय आहे : दुसऱ्या पालकाने घरभाषा निदान समजण्याइतकी शिकायची. मग जेवताना कोणासाठी भाषांतर करत बसावं लागत नाही.

घरात घरभाषाच

दोघांनाही ती सहज बोलता येत असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे : हीच निवडा. बेल्जियमच्या डच भाषक फ्लँडर्समध्ये भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅनिक दे हाऊवर यांनी १,८९९ कुटुंबांची पाहणी केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन्ही पालक घरात फक्त घरभाषा बोलत त्या घरांपैकी सुमारे ९७ टक्के घरांत मुलं ती बोलत होती. एक पालक–एक भाषा पाळणाऱ्या घरांत हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होतं. दोघंही दोन्ही भाषा बोलत तिथे ७९. पण एकजण दोन्ही आणि दुसरा फक्त डच बोलत असेल, तर जेमतेम ३६. नियमाच्या काटेकोरपणापेक्षा बाहेरची भाषा घरात किती शिरते याला जास्त वजन आहे, हे या आकड्यांतून दिसतं.

भीती असते ती शाळेची. सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, मूल वर्गात गप्प राहून ऐकत राहू शकतं. त्याला घाबरून घरची भाषा बदलू नका. शिक्षकांना आधी सांगून ठेवा आणि 'शू लागली', 'पाणी हवंय', 'दुखतंय' अशी आठ-दहा वाक्यं शाळेच्या भाषेत पाठ करून घ्या.

वेळ वाटून

सोम-मंगळ एक भाषा, बुध-गुरू दुसरी, ही वाटणी लहान मुलाला कळतच नाही. वाटायचंच असेल तर कामं वाटा : आंघोळ, गोष्ट आणि झोपणं कायम घरभाषेत. दोन्ही पालक दोन्ही भाषांत सारखेच सराईत असतील तरच ही पद्धत धरा.

पद्धत कुठलीही असो, उत्तर कसं देता?

तीन-चार वर्षांचं मूल घरभाषेतल्या प्रश्नाला बाहेरच्या भाषेत उत्तर देऊ लागतं. बहुतेक घरांत गाडी इथेच घसरते. मूल म्हणतं, "आई, वॉटर दे." भाषाशास्त्रज्ञ एलिझाबेथ लान्झा यांनी पालकांच्या प्रतिसादांचे पाच प्रकार सांगितले आहेत. आपल्या घरात ते असे ऐकू येतील : "काय हवंय?", "पाणी हवंय?", "हो, पाणी देते", काहीच न बोलता पेला पुढे करणं, किंवा "थांब, वॉटर आणते". पहिले दोन घरभाषेचा आग्रह धरतात. शेवटच्या दोहोंतून मुलाला कळतं की इथे काहीही चालतं. "पाणी हवंय?"लाही नुसत्या "हो"वर सुटका होते, म्हणून "पाणी हवंय की दूध?" असं विचारा, शब्द तोंडातून यावा लागतो. मूल रडत असेल, पडलं असेल, तेव्हा मात्र आग्रह नको. आधी जवळ घ्या.

व्हिडिओवर भिस्त ठेवू नका. बाळांच्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ वेळा मँडरिन (चिनी भाषा) ऐकवली. समोर माणूस होता त्या बाळांना तिचे ध्वनी वेगळे ओळखता आले. तेच पडद्यावर पाहिलेल्यांना नाही.

शब्द मोजताना दोन्ही भाषांतले एकत्र मोजा. दोन वर्षांपर्यंत मिळून ५० शब्दही नसतील किंवा दोन शब्द जोडले जात नसतील, तर कान तपासून घ्या आणि वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवा. दोन भाषांमुळे असं होत नाही, त्यामुळे एक भाषा बंद करणं हा त्यावरचा इलाज नाही.

पाच-सहा वर्षांचं मूल घरभाषा समजतं पण बोलत नाही, अशा घरात एका रात्रीत सगळं बदलायला गेलात तर मूल बोलणंच टाळेल. रोज वीस मिनिटांचा एकच खेळ फक्त घरभाषेत ठेवा. तो अंगवळणी पडला की जेवणाची वेळ जोडा. घरभाषेशिवाय दुसरं काही न येणारं माणूस, मग आजी असो वा आतेभावंड, महिनाभर सोबत राहणार असेल तर ती संधी सोडू नका. तिथे मुलाला बोलण्यावाचून गत्यंतर नसतं.