व्ही-क्रॉस: ट्रेलर ओढायला फोर बाय टू की फोर बाय फोर?

इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपची दोन्ही रूपं १.९ लिटर डिझेल इंजिनवर चालतात: शक्ती १६३ पीएस, टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) ३६० एनएम. म्हणजे इंजिनची ताकद तीच, फरक पकडीचा आणि फोर-लो गिअरचा. हे शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही.

फोर बाय टूमध्ये इंजिन फक्त मागची दोन चाकं फिरवतं, फोर बाय फोरमध्ये गरजेला चारही. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकवर हवा. १५०० किलोच्या ट्रेलरला १५० ते २२५ किलो. त्यानं मागची चाकं दाबली जातात आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर, घाटातही, काम भागतं. हा भार गाडीच्या वहनक्षमतेतूनच वजा होतो, हौद्यात माल भरताना लक्षात ठेवा. भार कमी पडला की ट्रेलर शेपटीसारखा हलतो, आणि तिथे फोर बाय फोरही वाचवत नाही.

होडी उतरवायचा शेवाळलेला उतार, पावसाळ्यातलं चिखलाचं शेत, ओली माती: इथे मात्र फोर बाय फोरच. गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये फोर-लो लावा, म्हणजे चारही चाकांना कमी वेग, जास्त जोर. मॅन्युअल गाडीत क्लचही कमी जळतो. कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) ठेवू नका, वळताना ट्रान्समिशनवर ताण येतो, टायर झिजतात.

कायम पक्क्या रस्त्यावर असाल तर फोर बाय टू घ्या, वाचलेले पैसे चांगल्या टायरात आणि ट्रेलरच्या ब्रेकमध्ये घाला.