मुक्त गोठ्यासाठी निलगिरीच्या प्रक्रिया केलेल्या खांबांचे कुंपण

मुक्त गोठ्याचे कुंपण आणि शेताच्या बांधावरचे कुंपण यांची कामे वेगळी आहेत. बांधावरच्या तारेने बाहेरचे जनावर आत येऊ दिले नाही की तिचे काम झाले. मुक्त गोठ्यात मात्र दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या गाई-म्हशी कुंपणाला अंग घासतात, गव्हाणीवर ढकलाढकली झाली की दुबळी गाय मागे सरून त्यावर आदळते, आणि माजावर आलेली कालवड कुंपणातला कच्चा सांधा नेमका शोधून काढते. काटेरी तारेने कासेला व सडांना जखमा होतात, म्हणून तिचा विचार आम्ही केलाच नाही. जुन्नर तालुक्यातील आमच्या गोठ्याला शेवटी दाबाखाली रसायन भरलेले निलगिरीचे गोल खांब आणि त्याच लाकडाचे आडवे वासे लावले. त्यावरून काही पावसाळे गेल्यानंतरचे हे परीक्षण आहे.

टिकाऊ लाकूड म्हटले की आपल्याकडे पहिले नाव सागाचे निघते. ते नाव पक्व सागाच्या गाभ्याला शोभते. लागवडीच्या विरळणीतून निघणाऱ्या कोवळ्या बल्ल्यांना नाही. त्यांत बाहेरचे पांढरे लाकूडच अधिक असते आणि ते वाळवीपुढे टिकत नाही. शिवाय स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते, ते वेगळेच. बाभळीचा गाभा कठीण आणि चिवट असतो, बैलगाडीला व औतांना तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. पण सरळ सोट बाभूळ मिळणे दुर्मिळ, आणि साल न काढता पुरली तर सालीखाली भुंगेऱ्यांची अळी लाकडाचे पीठ करते. कोपऱ्याच्या एखाद्या जाड खांबासाठी ती उत्तम, संपूर्ण कुंपणासाठी अवघड. बांबू स्वस्त आणि हलका असतो. पण प्रक्रिया न करता मातीत रोवलेला बांबू दोन-तीन वर्षांपलीकडे जात नाही.

निलगिरी स्वतः टिकाऊ नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. कच्चा निलगिरीचा खांब वाळवी लवकर संपवते. त्याचा गुण असा की त्याच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात रसायन चांगले मुरते. बंद टाकीत आधी हवा खेचून घ्यायची आणि मग दाबाने तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे द्रावण आत घुसवायचे, अशी ही पद्धत. हे मिश्रण आपल्याच देशात, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी 1933 मध्ये तयार केले आणि पुढे ते जगभर वापरले गेले. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम या दोहोंना लाकडात पक्के धरून ठेवते; त्यामुळे पावसात ते सहजासहजी धुपून जात नाही. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया स्वस्त पडते, पण ते क्षार ओल्या मातीत विरघळून निघून जातात, म्हणून जमिनीत पुरायच्या खांबाला ती चालत नाही. जळके ऑइल किंवा डांबर फासण्याची गावाकडची रीत वरवरचीच. लाकडाला तडा गेला की आतले कोरडे लाकूड उघडे पडते.

रसायन निलगिरीच्या गाभ्यात फारसे शिरत नाही, म्हणून खांब गोलच घ्यावा. गोल खांबाभोवती मुरलेल्या लाकडाचे कवच अखंड राहते. चौकोनी चिरलेल्या खांबात गाभा बाहेर येतो आणि वाळवीला वाट मिळते. आमच्या वखारीने चौकोनी खांब दिसायला सुबक म्हणून पुढे केले होते, ते आम्ही नाकारले. खरेदीपूर्वी एक खांब मधोमध कापून दाखवा, असा आग्रह धरावा. कापलेल्या तोंडावर हिरवट कडे पांढऱ्या लाकडाच्या पूर्ण जाडीभर दिसले पाहिजे. आलेल्या मालातील काही खांबांवर हिरवा रंग फक्त सालीच्या जागी होता, आत लाकूड कोरेच. बहुधा ओले लाकूड टाकीत घातले असावे, कारण पाण्याने भरलेल्या लाकडात द्रावणाला जागाच नसते. वखारवाल्याने थोडी कुरकुर करून ते बदलून दिले. बिलावर मात्र कोणते रसायन किती भरले याचा एक शब्द नव्हता, आणि ही या व्यवसायातील मोठी उणीव आहे. निलगिरीच्या खांबांची टोके उभी फाटतात, तेही पाहून घ्यावे; बोटभर रुंद भेग असलेला खांब परत पाठवावा.

आर्सेनिकची भीती अनाठायी नाही. अमेरिकेत 2003 च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या लाकडासाठी ही प्रक्रिया उत्पादकांनी थांबवली. शेतीच्या कुंपणाच्या खांबांना ती तिथे पुढेही चालू राहिली. गोठ्यापुरते बोलायचे तर गव्हाण, पाण्याचा हौद आणि मिठाची वीट ठेवायची चौकट या लाकडाची करू नये. कापलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत मुळीच घालू नयेत, कारण त्या राखेत आर्सेनिक उरते आणि राख चाटणारी जनावरे विषबाधेने मरतात. आमच्याकडे बसवणाऱ्या मजुरांनी पहिल्याच संध्याकाळी तुकड्यांची मोळी बांधून घरी न्यायची तयारी केली होती, तेव्हा हे आधी सांगून ठेवणे बरे.

बसवणीत खरी परीक्षा जमिनीच्या पातळीला होते. खांब खोल मातीत कुजत नाही आणि उंचावरही कुजत नाही. ओल आणि हवा दोन्ही मिळतात त्या वीतभर पट्ट्यात कुजतो. म्हणून कारखान्यात प्रक्रिया झालेले टोक खाली आणि जागेवर कापलेले टोक वर, हा नियम मोडू देऊ नये. कापलेल्या तोंडाला तांबेयुक्त रसायनाचा हात द्यावा. सात फुटांचा खांब अडीच फूट पुरला की वर साडेचार फूट उरतो, गाई-म्हशींना तेवढा पुरतो. दोन खांबांतले अंतर आठ फुटांपेक्षा जास्त नको. आमच्या आवाराचा निम्मा भाग काळ्या मातीत आहे, आणि ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हळूहळू वर ढकलते. तिथे खड्डा रुंद खणून मुरूम थराथराने पहारीने ठोकून भरला. ते खांब आजही उभे आहेत तसेच आहेत. मजुरांच्या सवयीने काही खांबांभोवती काँक्रीट ओतले गेले आणि त्याचा वरचा भाग वाटीसारखा खोलगट राहिला, तिथे पाणी साचते. काँक्रीट करायचेच असेल तर त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा.

आडवे वासे खांबाच्या आतल्या, म्हणजे जनावरांच्या बाजूने लावावेत. म्हैस रेलली की वासा खांबावर दाबला जातो; बाहेरून लावला तर तोच जोर खिळे उपटतो. इतकी साधी गोष्ट, पण गावोगावी वासे बाहेरूनच लावलेले दिसतात, कारण तसे रस्त्यावरून छान दिसते. तांब्याच्या क्षारांमुळे साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून जस्ताचा जाड थर दिलेले बोल्ट आणि वॉशर वापरावेत.

शेळ्यांच्या आवारासाठी मात्र हे कुंपण अपुरे आहे. करडे वाशांमधून निघून जातात आणि मोठ्या शेळ्या लाकूड कुरतडतात, जे या रसायनामुळे अजिबात परवडणारे नाही. तिथे आतून चेन-लिंक जाळी लावावी लागली, आणि मग लाकडाचा उपयोग फक्त जाळी धरून ठेवण्यापुरता उरला. बिबट्याला तर असे कोणतेही कुंपण अडवत नाही. आमच्या भागात रात्री शेळ्या छप्पर असलेल्या, चारी बाजूंनी जाळीबंद निवाऱ्यात कोंडाव्याच लागतात.

खर्च जस्त चढवलेल्या पाइपच्या कुंपणापेक्षा कमी आला, पण फार कमी नाही. वेल्डिंग नाही आणि एखादा वासा मोडला तर घरच्या घरी बदलता येतो, हा फायदा मी जास्त मोलाचा धरतो. गाई-म्हशींच्या मुक्त गोठ्याला हे कुंपण मी निःसंकोच सुचवीन. फक्त शेळ्या पाळणाऱ्याने थेट जाळी आणि पाइपकडे वळावे. फाटकाचे खांब तेवढे गाईंच्या गोठ्यातही लोखंडी पाइपचेच घ्यावेत, कारण लोंबत्या फाटकाच्या ओझ्याने लाकडी खांब कलतो आणि वर्षभरातच फाटक जमिनीला घासू लागते. आमचे डाव्या बाजूचे फाटक आता तसेच उचलून लावावे लागते, आणि त्याचा खांब येत्या उन्हाळ्यात बदलायचा आहे.